भोये मॅडमचा बोंबील

परवा मोबाईलवर एका सिनेमाची जाहिरात आली. नारिंगी आभाळ, धुळीतून उसळत येणाऱ्या मोटरसायकली, आणि भर उन्हात कातडी कोट घालून फिरणारी माणसं. खाली लिहिलं होतं, 'दुसरा भाग, लवकरच'. मी मोबाईल पालथा ठेवला आणि एकटाच हसत बसलो. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, "एकाची खोड अजून जिरलेली दिसत नाही."

सिनेमाचं नाव सांगत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये ते कुणी घेतही नसे. भोये मॅडम त्याला 'तो बोंबील' म्हणायच्या, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

इंदू भोये जव्हारला आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. गाव साखरशेत. उंची बेताची, चाल तुरुतुरु, नखांत कायम कुठला तरी रंग अडकलेला, आणि खांद्याच्या कापडी पिशवीतून ब्रशांची टोकं बाहेर आलेली. आवाज इतका मऊ की नव्या माणसाला वाटावं, ही बाई मुंगीलासुद्धा वाट देत असेल. मुंगीला देत असतीलही. माणसांचं तसं नव्हतं. मी सिन्नरकडून बदलून आलो तेव्हा शाळेच्या शिपायानं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. "सर, कोणाशीपन भांडा. पन भोये मॅडम दोनदा 'असू दे' म्हनल्या तं लगेच माफी मागून टाका."

एकदा 'असू दे' म्हटलं तर ते खरंच असू दे असायचं. चहा सांडला, असू दे. मुलानं रंगाची बाटली पाडली, असू दे. पण 'असू दे, असू दे' असं दोनदा, मान किंचित हलवत, हसून म्हणाल्या की समोरच्याचे दिवस भरले.

बाजारातल्या एका शिंप्यानं त्यांचा ब्लाउज बिघडवला. एक बाही कोपरापर्यंत, दुसरी त्याच्या बरीच वर, आणि वर ऐकवलं की मॅडम, तुमचाच खांदा उतरलाय. मॅडम म्हणाल्या, "असू दे, असू दे." दुसऱ्या कुणी तो ब्लाउज फडक्याला लावला असता. मॅडम तो बाजाराच्या दिवशी मुद्दाम घालून निघायच्या. भाजीवाली विचारायची, बाई, ही बाही अशी कशी? मॅडम थांबून शिंप्याचं नाव सांगायच्या, दुकान कुठं ते सांगायच्या, शेजारच्या दुकानाची खूणही सांगायच्या. शेवटी शिंपी नवं कापड घेऊन स्वतः शाळेत आला. मॅडमनी त्याला चहा पाजला आणि कापड परत दिलं. "नको हो, मला हाच आवडतो." पुढेही घालतच राहिल्या. मला तेव्हा वाटलं होतं की हे जरा अतीच होतंय. पण ही त्यांची रीतच होती. कुणी काही बिघडवलं की ते टाकायचं नाही, लपवायचं नाही, बिघडवणाऱ्याचं नाव घेत गावभर मिरवायचं.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मागचा पडदा त्याच रंगवायच्या. नाटक कुठलंही असो, पडद्यावर कोपऱ्यात एक राक्षस असायचाच. एका मुख्याध्यापकांनी चित्रकलेचे तास काढून गणिताला दिले, त्या वर्षी राक्षसाला त्यांची मिशी आली आणि नाकावर घसरलेला त्यांचा चष्माही आला. साहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. सगळ्या शाळेनं ओळखलं, एकट्या त्यांनी नाही. एका वर्षी राक्षसाच्या गाडीला जुंपलेल्या गाढवाचं तोंड हुबेहूब माझ्यासारखं होतं. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही.

मी वर्गात क्षमेचे धडे शिकवतो. अभ्यासक्रमात असतात, शिकवावे लागतात. पण कुणी माझा अपमान केला, की मला समजावणारी, सोडून द्या म्हणणारी माणसं नको वाटायची. मी उठून भोये मॅडमशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसायचो. त्या फक्त विचारायच्या, "त्याचं नाक कसं आहे हो? बसकं की लांब?" तेवढ्यानं माझा राग निवायचा.

तर तो सिनेमा.

वैशाखात साखरशेताच्या बाजूला शूटिंगवाले आले. वैशाखात आमच्याकडची शेतं जागोजाग काळी असतात, कारण तेव्हा राब भाजतात. रोपं जिथं करायची त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा, माती असे थर द्यायचे आणि पेटवून द्यायचं. तणाचं बी जळून जातं, आणि पाऊस लागला की भाताची, नागलीची म्हणजे नाचणीची रोपं त्या राखेतून तरारून येतात. इथल्या पोराला काळा राब दिसला की पुढची आवणी, रोपांची लावणी, डोळ्यांपुढं येते. मुंबईहून आलेल्या, काळा गॉगल लावलेल्या दाढीवाल्या दिग्दर्शकाला मात्र तिथं जगाचा अंत दिसला. त्याला हवी होती तशी जळलेली पृथ्वी आयती मिळाली होती.

मॅडमची आई, मथीआजी, तेव्हा आपल्या राबाच्या बांधावर बसून जेवत होती. नागलीची भाकर आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. दिग्दर्शक तिला बघून जागच्या जागी थबकला. सुरकुत्यांनी भरलेला चेहरा, मागे काळी जमीन, वर पांढरं ऊन. "माताजी, आप खाते रहिए. बिलकुल नॅचरल." आजीनं विचारलं, काय म्हनतो? त्याच्या माणसानं सांगितलं, शेतकऱ्यांवर सिनेमा आहे आजी, तुम्ही जेवत राहा. आजी जेवत राहिली. बोंबील जरा कडक झाला होता, म्हणून तिनं तो दातांनी ओढून तोडला. आजीचं काम संपलं.

पुढच्या वर्षी सिनेमा मोबाईलवर आला तेव्हा मॅडमचा आनंद काय वर्णावा. शनिवारी शाळा लवकर सुटली की बघायचं ठरलं. मॅडमनी सगळ्या स्टाफला घरून भजी करून आणली होती. शाळेचा प्रोजेक्टर लावला, खिडक्यांना सतरंज्या लटकवल्या.

गोष्ट म्हणाल तर काही नव्हती. जगातलं पाणी संपलेलं, आणि नायिकेचे केस मात्र आत्ताच धुतल्यासारखे. पेट्रोलच्या एका डब्यासाठी माणसं एकमेकांचे गळे कापतात, आणि तेच पेट्रोल जाळत उगाच डोंगराला फेऱ्या मारतात. कोण कुणाचा भाऊ, ते शेवटपर्यंत कळत नाही. आमचे विज्ञानाचे सर दर पाच मिनिटांनी 'शक्य नाही' म्हणत होते. मॅडम त्यांच्यावर खेकसल्या. "सर, शक्य-अशक्य सोडा हो! रंग बघा. गेरू आणि काजळी, दोनच रंग घेतलेत मेल्यानं, आणि काय उभं केलंय! आपलं पठार कधी असं दिसलं होतं का तुम्हाला?" खरं होतं. रोज एसटीतून पेंगत बघितलेलं पठार पडद्यावर ओळखू येत नव्हतं. अंगावर काटा यावा असं दिसत होतं.

मग आजी आली. पडदाभर आजीचा चेहरा. मॅडम ओरडल्या, "आय!" आम्ही टाळ्या वाजवल्या. आजी दातांनी काहीतरी ओढत होती. घशातून गुरगुर येत होती. ती गुरगुर आजीची नव्हती, मागाहून घातलेली होती. मग पडद्यावर चुलीशेजारी माणसाचा कापलेला हात दिसला. पुन्हा आजी, पुन्हा दात. नायिका किंचाळून पळाली.

आमच्या टाळ्या हवेतच राहिल्या. मॅडमनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, श्रेयनामावली संपेपर्यंत बसल्या. आईचं नाव त्यात नव्हतं. सतरंज्या काढल्या तेव्हा त्या भज्यांचा डबा बंद करत होत्या. "रंग खरंच छान लावलेत," त्या म्हणाल्या. मग मान किंचित हलवून हसल्या. "असू दे, असू दे."

शिपाई दारात उभा होता. तो चटकन बाहेर गेला.

अख्खा सिनेमा साखरशेतात कुणी पाहिला नाही. भिवंडीला कामाला गेलेल्या पोरांनी तेवढाच तुकडा मोबाईलवर आणला, आजीचा चेहरा आणि तो हात. आधी सगळे हसले. मग त्याच आठवड्यात दोन पोरं तापानं पडली. आजीचा चुलतदीर नवसू, गावात चार माणसांत बोलणारा माणूस, विहिरीवर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मथी भुताळी आहे. कॅमेऱ्यात दिसला ना!"

भुताळी म्हणजे चेटकीण, माणसं खाणारी. जव्हारच्या बाजारात हा शब्द कुणी हसण्यावारी नेईल. डोंगरातल्या पाड्यावर तो शब्द बाईवर पडला की तिचं सगळं संपतं. आजीला कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. फक्त तिच्या हातचं खाणं बंद झालं. लहान पोरांना तिच्या दारावरून बोलावून घ्यायला लागले. आवणीला एकमेकांच्या शेतात जायची रीत, आजी आयुष्यभर सगळ्यांच्या शेतात वाकली होती. त्या वर्षी तिच्या शेतात कुणी आलं नाही. मॅडमनी रजा घेतली आणि मायलेकींनी चिखलात उभं राहून सगळी आवणी केली. परत आल्या तेव्हा त्यांच्या नखांत रंग नव्हता, माती होती. मी म्हटलं, पोलिसात जाऊ या. कायदा आहे. त्या म्हणाल्या, "जाईन. पण पोलीस नवसूकाकाला धरतील, आईच्या हातची भाकर त्याला खायला लावतील का? मला ते पाहिजे." मग नखांतली माती कोरत म्हणाल्या, "आणि तो दाढीवाला पाहिजे."

आजीला मी एकदाच विचारलं होतं, तुम्ही तो सिनेमा बघितलात का? ती पडवीत बसून नागली पाखडत होती. "बघला. मना बोंबील करपला व्हता, ता दिसतंय." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "पर तो हात कोनाचा रं? कोना गरिबाचा आसंल?"

दाढीवाला पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच आला. दुसऱ्या भागासाठी त्याला पुन्हा तेच काळं पठार हवं होतं, आणि गर्दीत उभी करायला माणसं. जव्हारला आलाय असं कळल्यावर मॅडम त्याला भेटायला गेल्या. मला बरोबर नेलं. असं गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सर, काय सिनेमा काढलात! मी चित्रकलेची शिक्षिका, मला कळतं. पण आमच्या गावानं तो अजून मोठ्या पडद्यावर पाहिलाच नाही. तुम्ही आलात तर लोक माणसं पण देतील." तो खुलला. म्हणाला, लोग कहते हैं स्टोरी वीक है. मॅडम म्हणाल्या, "लोकांना काय कळतं!" आणि वाईट म्हणजे रंगांबद्दल त्या जे बोलत होत्या, त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

साखरशेतातल्या शाळेची मोठी खोली. भर दुपार, पण खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केलेला. भिंतीच्या मोठ्या खिडकीसमोर मॅडमनी पांढरा पडदा ताणून बांधला होता. सगळा गाव आला. आपलं गाव पडद्यावर दिसणार म्हणून आला, मुंबईचा साहेब आलाय म्हणून आला. नवसू साहेबाशेजारची खुर्ची पटकावून बसला. आजी शाळेमागं, चुलीपाशी होती.

सिनेमा सुरू झाला. मोटरसायकली आल्या की पोरं शिट्या मारत होती. बायकांना नायिकेचा कोट आवडला. माझ्या शेजारचा म्हातारा दर हाणामारीला मांडीवर थाप मारत होता. दिग्दर्शक खुशीत होता. मग नायक जळलेल्या शेतात गुडघ्यावर बसला, राखेची मूठ उचलली आणि रडत म्हणाला, "इस मिट्टी में अब सौ साल तक कुछ नहीं उगेगा." मग तो म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "अरं, ह्यो तं सोमाचा राब!"

असं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. "दोन म्हैन्यान ये बाबा, रोपा घेऊन जा!" कुणीतरी त्या रडणाऱ्या नायकाला सांगितलं. दिग्दर्शकानं मला विचारलं, ये लोग हँस क्यों रहे हैं? मी म्हटलं, "भावुक झालेत."

आणि मग आजीचा चेहरा आला. हसू एकदम बंद झालं. एका बाईनं पोराला पदराखाली घेतलं. गुरगुर सुरू झाली, पुढच्या क्षणाला तो हात येणार होता, तेवढ्यात मॅडमनी चित्र थांबवलं. पडद्यावर आजी, दातांत काहीतरी धरून, थांबलेली. मॅडम माईक घेऊन पुढं आल्या.

"सर, हा माझा सगळ्यात आवडता सीन आहे. गावाला तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्या दिवशी तुम्ही समोर उभे होता. माझी आई काय खात होती?"

तो हसला. "अरे मॅडम, वो तो... सीन के लिए..."

"सीन नाही, सर. खरं. काय खात होती?"

"ड्राय फिश थी शायद."

"आमच्या लोकांना कळेल असं सांगा."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मॅडमचा आवाज अजून मऊच होता, पण माईक त्याच्या ओठांना टेकला होता. "बोंबील," तो म्हणाला.

"मोठ्यानं, सर. मागं ऐकू आलं नाही."

"बोंबील!"

"आणि तो आवाज? तो हात?"

"आवाज स्टुडिओ में डाला. हाथ रबर का था."

"नवसूकाका, ऐकलंत?" मॅडमनी तितक्याच गोडीनं विचारलं. "रबराचा होता." आणि चित्र पुढं सोडलं. पडद्यावर तो हात आला तेव्हा एक पोर ओरडलं, "रबर!" आजी दिसली तशी सगळी पोरं ओरडली, "बोंबील!" पुन्हा हात, पुन्हा आजी. "रबर! बोंबील! रबर! बोंबील!" नायिका किंचाळून पळाली तेव्हा लोक डोळे पुसत हसत होते. जगाचा अंत करायला निघालेला तो माणूस खुर्चीत अंग चोरून बसला होता. मला त्याची अजिबात दया आली नाही. आजही येत नाही.

सिनेमा संपला. मॅडमनी पडद्यामागच्या खिडकीची घोंगडी ओढली. ऊन मागून पडद्यावर पडलं, आणि पलीकडच्या बाजूला रंगवलेलं चित्र इकडं उमटलं. काळा गॉगल, दाढी, हातात कॅमेरा धरलेला भला मोठा राक्षस. गेरू आणि काजळी, दोनच रंग. ह्या वेळी ज्याचं चित्र होतं त्यानंही ओळखलं.

तो उठायला लागला, तसा मॅडमनी त्याचा हात धरला. "जेवल्याशिवाय कसं जाल, सर? आमच्यात पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत."

साहेब बसला म्हणून पंगत बसली, आणि शेजारी बसलेल्या नवसूला उठता येईना. पानात नागलीची भाकर, भाजलेला बोंबील, मिरचीचा ठेचा. वाढत होती मथीआजी. साहेबाला मॅडम म्हणाल्या, "ही नागली त्याच जमिनीतली, सर. सौ साल वाली." त्यानं मान खाली घालून घास घेतला. नवसूचा हात पानाजवळ गेला आणि थांबला. आख्खी पंगत त्याच्याकडं बघत होती. मॅडम त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून, हसत. मला वाटलं, आता त्या बोलणार, ऐकवणार, सगळं वर्ष वसूल करणार.

बोलली आजी. ती वाकली, त्याच्या पानातला बोंबील उचलला, मधला काटा काढला आणि परत ठेवला. "खा रं नवसू. करपवला नाय आज."

नवसूनं खाल्लं. मग पंगतीनं खाल्लं. मॅडम तिथून हलल्या नाहीत. त्याचं पान पुसून होईपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "आय, काकाला अजून एक वाढ."

दुसऱ्या भागाचं शूटिंग साखरशेतात झालं नाही. त्या पावसाळ्यात आजीच्या शेतात आवणीला इतकी माणसं आली की तिला सगळ्यांना भाकरी पुरवताना धावपळ झाली. नवसूही आला होता. मॅडम त्याच्याशी नीट बोलायच्या, त्याच्या औषधाचं बघायच्या, पण पुढच्या संमेलनात गाढव तोच झाला.

आजी गेल्या थंडीत गेली. तिला उचलायला गाव होतं.

मॅडमची बदली आता मोखाड्याला झाली आहे. शेवटचं पाहिलं ते जव्हारच्या एसटी स्टँडवर. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एक बाही आखूड असलेला तोच ब्लाउज, आणि हातात मोबाईल. मी मागून जाऊन उभा राहिलो. सिनेमाच चालू होता, आवाज बंद करून. काळा राब, पांढरं ऊन, आजी बांधावर बसून बोंबील खातेय. कापलेला हात यायच्या आधी त्यांचा अंगठा पडद्यावर आला आणि चित्र मागं गेलं. आजी पुन्हा भाकर मोडू लागली. पुन्हा अंगठा. आजी पुन्हा जेवायला बसली.

त्यांना मी आलेलं कळलं असावं. मान न वळवता म्हणाल्या, "तो किती नालायक असू दे, सर, पण आयचा असा फोटो आमच्या घरात एक नाही. बघा, जेवताना कशी दिसते."

आजी शांतपणे जेवत होती. मोखाड्याची गाडी लागली. मॅडम उठल्या, मोबाईल पिशवीत टाकला आणि पायरीवर पाय ठेवून वळल्या. "दुसरा भाग काढतोयच म्हणे तो?"

मी म्हटलं, ऐकलंय तसं.

त्यांनी मान किंचित हलवली. हसल्या. "असू दे," म्हणाल्या आणि आत जाऊन खिडकीशी बसल्या. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून पुन्हा त्यांचा मऊ आवाज आला, "असू दे."